अणदूरला दाखवलेला शेवट

पिक्चरमधल्या प्रेमावर माझा पहिल्यापासून राग आहे, कारण मी पार्लर चालवते. नवरी खुर्चीत बसते, मोबाईलवर कुठल्या तरी हिरॉईनचा फोटो काढून माझ्या नाकासमोर धरते आणि म्हणते, "ताई, अश्शी दिसले पाहिजे." दिसते. मी दिसायला लावते. मग वर्षाच्या आत तीच पोर भुवया कोरायला येते आणि आरशात बघत सांगते की नवरा जेवताना मोबाईलमधनं मान वर काढत नाही. मी म्हणते, बाई गं, पिक्चर अडीच तासांत संपतं, तुझं अजून चाललंय. ती हसते. मला हसू येत नाही.

पार्लर माझ्या माहेरच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. सासर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळं दिवसभर मी इथंच. माहेरी दोनच माणसं: बाबा आणि बाबांची थोरली बहीण, इरम्मा आत्या. आई गेल्यापासून घर आत्यानंच सांभाळलं, मलाही तिनंच वाढवलं. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही, याची अणदूरमध्ये ज्याची त्याची वेगळी गोष्ट होती. कुणी म्हणे पत्रिकेत खोट, कुणी म्हणे भावाच्या लेकरासाठी राहिली. आत्या कुणालाच उत्तर द्यायची नाही. पण दर वर्षी खंडोबाच्या जत्रेत कासारापुढं मांडी घालून बसायची आणि दोन्ही हातांत मनगटभर हिरव्या बांगड्या भरून यायची. बिनलग्नाच्या बाईनं हिरवा चुडा भरायचा म्हणजे गावाला आयतं खाद्य. शेजारची सिताबाई तर तोंडावर म्हणायची, "इरम्माचा नवरा जत्रेतच येतोय वाटतं!" आत्या नुसती हसायची. सिताबाई थट्टेत खरं बोलत होती, हे कळायला मला पस्तिशी ओलांडावी लागली.

लग्नसराई संपली की माझं दुकान ओस पडतं. अशाच एका दुपारी आत्या पार्लरमध्ये येऊन बसली आणि उगाच कंगवे सारखे करत म्हणाली, "गायत्रे, मोबाईलवर जुनी पिक्चरं असत्यात न्हवं?"

"असतात की. कुठलं पाहिजे?"

तिला नाव आठवत नव्हतं. गोष्ट मात्र पाठ होती. नदीकाठचं गाव, नावाड्याची पोर, पूल बांधायला आलेला इंजिनियर. दोघांचं जमतं. त्याला परत बोलावणं येतं. तो म्हणतो, तू इथंच थांब, मी येतो. ती थांबते. बाप मरतो, तरी ती होडी चालवत घाटावर थांबते.

सिताबाई निवडलेले तांदूळ घेऊन उंबऱ्यातच उभी होती. ती म्हणाली, "ते व्हय! आपल्या जत्रंत तंबूत आलतं की. शेवटाला दोघं होडीत बसून गाणं म्हणत्यात. लई ग्वाड शेवट!" बाबाही आतून ओरडले, हो हो, होडीतलं गाणं. तंबू टॉकीज बघितलेलं अणदूरमधलं कुठलंही माणूस विचारा, त्याला त्या पिक्चरमधलं दुसरं काही आठवणार नाही, पण शेवटाला दोघं होडीत बसतात हे तो बेलभंडार उचलून सांगेल. पिक्चर तसं पडेल होतं. टीव्हीवर कधी आलं नाही. कुणीतरी हौशी माणसानं ते अलीकडंच यूट्यूबवर टाकलं होतं. शोधून शोधून मी ते काढलं.

आम्ही दोघी मोबाईल तेलाच्या बाटलीला टेकवून बघत बसलो. रंग उडालेले, आवाज घोगरा. होडीतलं गाणं मध्यावरच आलं. मला नवल वाटलं.  पुढं तो जातो, वर्षं जातात, तिच्या केसांत पांढरं येतं. मग एका सकाळी पलीकडच्या काठावर एक टोपीवाला माणूस दिसतो. तो हात हलवून होडी बोलावतो. ती बघते, तोंडावर हात घेते, घाईघाईनं वल्ही मारायला लागते.

"बंद कर," आत्या म्हणाली.

"अहो आत्या, आता तर आलाय तो."

"बंद कर म्हणते न्हवं? फुडचं आपलं न्हाय."

ती उठून आत गेली. मी कसली बंद करते. आवाज बारीक करून उरलेलं एकटीनं बघितलं. होडी पलीकडं लागते. टोपीवाल्याच्या मागं त्याची बायको उभी असते, कडेवर पोर. तिघं होडीत बसतात. तो इंजिनियर पुलाचे खांब बघत बसतो, तिच्याकडं बघत नाही. अलीकडं उतरताना तो तिच्या हातावर नाणं ठेवतो आणि निघून जातो. ओळखत नाही. ती रिकामी होडी घेऊन परत फिरते. बस. संपलं.

मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. "आत्या, तुमच्या पिक्चरचा शेवट काय आहे माहितीय का? तो मेला इंजिनियर..."

आत्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. पिठाचा हात. "सांगू नको. मला बघायचा असता तर तवाच बघितला असता."

मग तिनं देवळीतली विभूतीची डबी काढली. डबीत विभूती नव्हती. पिक्चरच्या रिळाचा एक तुकडा होता, बोटभर लांब. एक कड तपकिरी पडलेली. मी तो उजेडाला धरला. पाणी, आणि पाण्यावर रिकामी होडी.

"कुणी दिला हा?"

"ज्यानं कापला त्यानं."

मग आत्यानं सगळं सांगितलं. तो परंड्याचा अमरसिंह. तंबू टॉकीजचं मशीन तोच चालवायचा. जत्रेचं मैदान आमच्या मळ्याला लागून, त्यामुळं टॉकीजवाले पाणी आमच्याच विहिरीवरून न्यायचे. घागर भरता भरता बोलणं व्हायचं. एका जत्रेत ओळख, दुसऱ्या जत्रेत वाट बघणं, तिसऱ्या जत्रेत त्यानं तिला सांगितलं, ह्या पिक्चरचा शेवट लई वाईट हाय, तुझ्या डोळ्यांत पाणी बघवणार न्हाय मला, म्हणून शेवटचं रीळ कापून म्या मधलं गाणं जोडलंय. अख्खी जत्रा बघती ते तुझ्यासाठीचं पिक्चर हाय. तो तुकडा त्यानं खूण म्हणून दिला. कासाराकडं बसवून तिच्या हातांत हिरव्या बांगड्या भरायला लावल्या. म्हणाला, पुढच्या जत्रेला घरी येऊन मागणी घालतो. पुढच्या जत्रेला तंबूच आला नाही. घरोघरी केबल आली होती.

"आणि तुम्ही थांबलात?"

"देव न्हाय का जात नळदुर्गाला? मूर्ती एकच, देवळं दोन. देव तिकडं गेला तर हितलं देऊळ मोडत्यात व्हय? येतोय की परत. दार उघडं ठेवायचं."

माझं डोकं फिरलं. "आत्या, देवाला आणायला माणसं जातात. पालखी घेऊन जातात, वाजतगाजत. देव काय आपला आपण चालत येतो का? तुम्ही का नाही गेलात परंड्याला?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले.

"पिक्चरमधी ती जाती व्हय कुठं? ती घाटावरच ऱ्हाती."

ते पिक्चर काढणारा त्या क्षणी माझ्या हाताला लागला असता तर मी त्याच्या भुवया मुळासकट उपटल्या असत्या. एका दुपारच्या करमणुकीसाठी कुणीतरी लिहिलं की बाईनं थांबायचं, आणि माझी आत्या थांबली. भाकरी थापत, माझ्या वेण्या घालत, भावाचा संसार ओढत थांबली. स्थळं आली, तिनं परत पाठवली. आणि मी मूर्ख समजत होते की ती आमच्यासाठी राहिली.

दोन दिवस ती घुम्यासारखी होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू जाऊन ये. माझं नाव काढू नको. नुसतं बघून ये, हाय का."

अणदूरहून तुळजापूर, तुळजापूरहून बार्शी, बार्शीहून परंडा. आत्यानं सोबत धपाटी बांधून दिली होती आणि निघताना माझ्या पदराची पिन तिसऱ्यांदा नीट केली होती, जणू तिच्याऐवजी मलाच दाखवायला नेत होते. वाटभर मी मनात जुळवाजुळव करत होते. सापडलाच तर बायको गेलेली असावी, किंवा असूच नये. मग त्याला धरून अणदूरला न्यायचं. पिक्चरवर राग असलेली मी, आणि मनात पिक्चरच चाललं होतं.

परंड्यात उतरून विचारलं तर पहिल्याच माणसानं बोट केलं. "टॉकीजवाले अमरसिंह? किल्ल्याकडं जावा. पिठाची गिरणी हाय."

गिरणी चालू होती. आत पिठानं पांढरा झालेला एक उंच म्हातारा उभा होता. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ. मी म्हटलं, तंबू टॉकीजची माहिती पाहिजे होती, आमच्या गावात लोक अजून नाव काढतात. त्याचा चेहरा खुलला. गाव कुठलं ते त्यानं विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही. त्यानं आत हाक मारली. "कमल, चहा टाक गं."

कमलबाई म्हणजे हसतं घर. चहा विचारलाच नाही, सरळ चुरमुऱ्यांची सुशीला करून समोर ठेवली. टॉकीजचा विषय निघाल्यावर तर बाई माझ्याजवळच येऊन बसली. "अवो, आमचं लव्ह मॅरेज हाय म्हणलं! त्या काळात! ह्यांच्या टॉकीजमुळंच."

"कमल, ऱ्हाऊ दे," अमरसिंह म्हणाला.

"काय ऱ्हाऊ दे? नातवंडं झाली, आता कसली लाज." ती माझ्याकडं वळली. "परंड्याच्या उरुसात ह्यांनी पिक्चर आणलं होतं. नावाड्याच्या पोरीचं. शेवट लई वंगाळ म्हणं. तर ह्यांनी काय करावं? माझ्यासाठी शेवटच कापला! म्हणले, तुझ्या डोळ्यांत पाणी बघवणार न्हाय मला. मधलं गाणं जोडलं आन् अख्ख्या उरुसाला दाखवलं."

माझ्या हातातला चमचा ताटलीत पडला.

"थांबा, खोटं वाटतंय व्हय तुम्हाला?" ती देवघरात गेली आणि एक डबी घेऊन आली. डबीत बोटभर लांब रिळाचा तुकडा होता. एक कड तपकिरी पडलेली. "बघा, उजेडाला धरून बघा."

मला धरायची गरज नव्हती, तरी धरला. पाणी, आणि पाण्यावर रिकामी होडी.

"अजून वास येतोय त्याला जळल्यासारखा," कमलबाई कौतुकानं म्हणाली. "तुमचं गाव कुठलं म्हणलात?"

"अणदूर."

अमरसिंह उठला. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं, पीठ गेलं आणि खालून एक साधा थकलेला माणूस निघाला. "चला, स्टँडपर्यंत सोडतो," तो म्हणाला.

कमलबाईनं माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, पुन्हा या म्हणाली. तिचा मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. तिनं काय केलं होतं? तिनंही आत्यासारखा एका शब्दावर विश्वास ठेवला होता. फरक एवढाच की ती परंड्यात राहत होती.

गल्लीच्या वळणावर त्यानं मागं वळून घराकडं बघितलं. मग म्हणाला, "इरम्माची कोण तुम्ही?"

"भाची."

"ते रीळ बार्शीला जळालं होतं. मशीनच्या दिव्याचा कार्बन नीट बसला न्हवता, माझंच लक्ष न्हवतं. मालक म्हणला, मधलं गाणं जोड आन् चालव, जत्रंतल्या लोकांना काय कळतंय. जळक्या पट्ट्या टाकून द्यायच्या जिवावर आल्या." त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. "तुमच्या आत्याला म्या जे म्हणलो ना, ते म्हणताना खरंच वाटलं होतं मला. तिच्यासाठीच कापलंय असं."

"आणि कमलबाईंना म्हणताना?"

"तवा बी खरंच वाटलं."

मला वाटलं होतं मी त्याला चार शब्द सुनावेन. सुनावायला समोर कुणी खलनायक तरी पाहिजे. हा तर रोज गावाचं पीठ दळणारा माणूस. मी एवढंच विचारलं, "मग आला का नाहीत?"

त्यानं खरंच विचार केला. किल्ल्याकडं बघितलं, स्टँडकडं बघितलं.

"टॉकीज बसली. मग... अणदूर लांब पडतंय हो हितनं."

अणदूर लांब पडतं. मी त्याच दिवशी सकाळी निघून दुपारच्या आत परंड्यात पोचले होते, धपाटी खात.

गाडी लागली होती. तो खिडकीखाली उभा राहिला. "लेकरं किती इरम्माला?"

कुठून आलं माझ्या तोंडात कोण जाणे. "दोन," मी म्हणाले. "थोरला पुण्याला इंजिनियर आहे. आत्याला कशाची कमी नाही. तुमची आठवण निघाली म्हणून सहज आले होते."

त्याचे खांदे खाली आले. "लई बरं झालं. जिवाला घोर होता बघा माझ्या." आणि तो हसला, हलका होऊन हसला. गाडी हलली आणि मला वाटलं, ओरडून खरं सांगावं. त्याचा घोर मी कशाला उतरवला? आत्याची अब्रू राखायला गेले आणि त्यालाच मोकळं करून आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुळजापूरला गाडी बदलताना स्टँडवर एक नवं जोडपं भेटलं, देवीच्या दर्शनाला आलेलं. उपरण्याची गाठ तशीच. पोरीच्या हातात हिरवा चुडा. तो तिचा फोटो काढत होता आणि म्हणत होता, अशी नको, पिक्चरमध्ये बघतात तशी बघ. ती बघत होती. मी बाकड्यावर बसून रडले. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, कोण गेलं का बाई? मी हो म्हणून मान हलवली.

आणि त्या मान हलवण्यातच मला उत्तर सापडलं.

आत्या अंगणात बसली होती. केसाला तेल लावून, ठेवणीतलं लुगडं नेसून. मी चप्पल काढायच्या आत तिनं विचारलं, "हाय?"

"नाहीत, आत्या. गेले ते. बरीच वर्षं झाली."

तिनं डोळे मिटले. "काय झालतं?"

"झोपेतच गेले म्हणे. त्रास नाही झाला."

"बायकू? लेकरं?"

याची तयारी मी बसमध्येच केली होती. मोठ्या उदारपणानं मी म्हणाले, "लग्नच केलं नाही त्यांनी. शेवटपर्यंत."

मला वाटलं, आता ती रडेल आणि मोकळी होईल. थांबणं संपेल. एवढा तरी चांगला शेवट तिच्या वाट्याला यावा. आत्या उठली. धुण्याच्या दगडापाशी गेली, खाली बसली आणि दोन्ही मनगटं दगडावर ठेवली.

मी धावले. "आत्या, हे काय? अहो, तुमचं लग्न कुठं झालं होतं?"

"तूच म्हणलीस न्हवं, त्यानं दुसरी केली न्हाय म्हणून?" ती शांतपणे म्हणाली. "मग मी कोण त्याची?"

 मी खरं बोलले असते तर ती थांबली असती. परंड्यात तो गिरणीचा पट्टा चढवत असेल आणि इथं त्याच्या नावाच्या बांगड्या माझ्या देखत फुटत होत्या. एक काच तिच्या मनगटात गेली. ती तिनं काढलीही नाही.

आवाज ऐकून सिताबाई आली. बाबा दारात येऊन नुसते उभे राहिले. आत्यानं सिताबाईला सगळं सांगितलं. एवढी वर्षं पोटात ठेवलेलं दोन वाक्यांत सांगितलं: नवरा होता माझा, गेला. सिताबाईनं तिला छातीशी धरलं आणि आत्या मोठ्यानं रडली. गल्लीतल्या बायका जमल्या. ज्या तिच्या चुड्याला हसायच्या त्याच तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. कुणी चहा आणला, कुणी पिठलं-भाकरी. सिताबाई रडत रडत म्हणाली, "मी मेली थट्टा करत ऱ्हायले गं!" सवाष्ण म्हणून जिला कधी कुणी पाटावर बसवलं नाही, तिला गावानं विधवा म्हणून जवळ घेतलं. आणि मी कोपऱ्यात उभी. खरं सांगावं तर तिचं हेही जाणार.

त्या वर्षी जत्रेत कासार आमच्या दारावरून गेला. आत्यानं त्याला पाणी दिलं, हात पुढं केला नाही. देव नळदुर्गाला निघाला तेव्हा तिनं उंबऱ्यातूनच हात जोडले.

जत्रेनंतरच्या एका दुपारी ती पार्लरमध्ये आली. हात मोकळे, त्यामुळं कंगवे सारखे करतानाही आवाज होत नव्हता. "ते पिक्चर लाव," ती म्हणाली. "आज शेवटापर्यंत."

मी मोबाईल उलटा ठेवला. "कशाला आता?"

"आता कुणासाठी थांबवायचं? मला बघू दे की, काय कापलं होतं त्यानं."

नाही म्हणायला कारण नव्हतं. मी मोबाईल माझ्याच हातात धरला आणि तिच्या बाजूला बसले. मनाशी ठरवलं: टोपीवाल्यानं हात हलवला, तिनं वल्ही मारली, की बोटानं मागं सरकवायचं आणि मधलं गाणं लावायचं. तसंच केलं.  होडीत दोघं, दिवे, गाणं. गाणं संपलं तसा मी मोबाईल बंद केला. "झालं. संपलं."

"येवढंच?"

"एवढंच."

"हे तर तंबूत बघितलंय आपण."

"हो. हाच शेवट आहे."

आत्यानं बंद पडद्यावरनं बोट फिरवलं. मग कनवटीची डबी काढली, तो तुकडा तळहातावर घेतला.

"म्हणजे त्यानं काही कापलंच न्हवतं?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाईला दुःख दिसू नये म्हणून मी धडपडले आणि तिच्याकडं त्याचं जे एकच देणं होतं तेच काढून घेतलं. तिचा चेहरा माझ्यासमोर म्हातारा होत गेला. बांगड्या फोडतानाही तो असा झाला नव्हता.

"खोटं बोलला व्हय तो माझ्याशी, गायत्रे?"

खरं माझ्या जिभेवर होतं. एक शब्द पुरला असता. व्हय आत्या, खोटं बोलला, आणि जिवंत आहे. ते मी गिळलं. मी म्हणाले, "थांबा, जाहिरात मध्ये आली वाटतं. पुढं आहे अजून."

आणि मी खरा शेवट लावला.

आत्या पुढं झुकून बघत होती. होडी पलीकडं लागली. टोपीवाला, मागं बायको, कडेवर पोर. मी मोबाईलकडं बघू शकले नाही, आत्याकडंच बघत होते. ती डोळा न हलवता बघत राहिली. तिघं बसले. होडी निघाली. पुलाचे खांब आले आणि गेले. अलीकडं उतरताना त्यानं नाणं ठेवलं आणि तो मागं न बघता गेला. रिकामी होडी पाण्यावर राहिली, तीच, तिच्या तळहातावरच्या तुकड्यातली. आत्यानं तो तुकडा उजेडाला धरला, मोबाईलकडं बघितलं, पुन्हा तुकड्याकडं बघितलं. तिच्या गालावरनं पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"हे व्हय," ती म्हणाली. "हे दिसू नये मला म्हणून कापलं त्यानं. लई माया केली गं."

मी तिचा हात धरला. मनगटावर काच गेल्याची खूण अजून होती.

"वळखलं सुदीक न्हाय मेल्यानं तिला," आत्या पदरानं डोळे पुसत त्या टोपीवाल्याला म्हणाली. "आमचा तसा न्हवता."